तोट्याची हिस्सेदार

श्रीगोंद्याच्या एस. टी. स्टँडमागं एक सार्वजनिक मुतारी होती. नव्वदच्या दशकात तिला तीनदा नवी फरशी बसली, दोनदा नळ बदलले आणि एकदा तर चक्क आरसा लागला. गावाला वाटायचं, सरकारकडून काहीतरी मंजूर झालं असेल. खर्च करायच्या आमच्या घरमालकीणबाई.

सगळं गाव त्यांना खाला म्हणायचं. नवरा उर्दू शाळेत मास्तर होता. तो वारल्यावर त्याचा फंड आणि पेन्शन बँकेत यायला लागली. पेन्शन बँकेतच येत असल्यामुळं खातं बंद करता येईना, आणि खातं आहे तोवर त्यात व्याज जमा व्हायचं थांबेना. दर सहा महिन्यांनी खाला पासबुक घेऊन काउंटरवर उभ्या राहायच्या. मी एकदा बरोबर होतो, म्हणून हे कानांनी ऐकलंय.

"हे ज्यादा पैसं कशाचं?"

"व्याज आहे खाला. तुमचंच आहे."

"माझं न्हाई. मी काय केलं त्याच्यासाठी? तुमी ठेवा."

"आम्हाला ठेवता येत नाही."

"मग काढा भाईर. मी बघते त्याची जागा."

आणि मग त्या गवंडी शोधायला निघायच्या. व्याज हराम, म्हणून तो पैसा आपल्या पोटात जाता कामा नये, आणि पुण्य मिळेल म्हणून दुसऱ्याच्या पोटातही घालायचा नाही. तो जिथं शोभतो तिथंच टाकायचा, असा त्यांचा हिशेब होता. आरसा लावला तेव्हा मी विचारलं, "मुतारीत आरसा कशाला खाला?" तर म्हणाल्या, "औंदा व्याज जादा आलं. दुसरं काय लावू?"

खालांबद्दल हसत हसत सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी ते इतकी वर्षं सांगत आलो. लोकही हसतात. माझी बायको तर पाहुणे आले की म्हणते, तुमच्या त्या खालांची गंमत सांगा. मी मुतारीचं सांगतो, पुढं येणारं कारखान्याचं सांगतो आणि थांबतो. त्यानंतरचं कधी सांगितलं नाही, कारण त्यात गंमत नाही, आणि त्यात मी आहे.

मी मूळचा पारनेर तालुक्यातला. मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा देऊन श्रीगोंद्याला आलो ते तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून अर्ज टाइप करायला. राहायला खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. अशा पाच खोल्या 'कालच' गेल्यावर सहाव्या दारात खाला उभ्या होत्या. उंच, वाळलेल्या, डोक्यावरून घट्ट पदर, पायात नवऱ्याच्या जाड चामडी वहाणा आणि हातात काळी छत्री. ती छत्री बारा महिने हातात असायची. उन्हापावसासाठी कमी आणि माणसांकडं रोखण्यासाठी जास्त.

छत्री माझ्याकडं रोखून त्यांनी विचारलं, "व्याजाचं कर्ज हाय का डोक्यावर?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"मग ये. आधी खोली धू, लई धूळ हाय."

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. मी होऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "मला काय करायचंय?" दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रंकेतली आईनं दिलेली बुद्धाची छोटी मूर्ती त्यांना दिसली. खिडकीत ठेवली तर मांजर पाडेल म्हणून स्वतः हातोडी घेऊन आल्या आणि भिंतीला फळी ठोकून दिली.

फंडाचे पैसे खालांनी बँकेतून काढून माणसांत घातले होते. हे त्यांचेच शब्द. "पैसं मानसांत घालावं." एका रिक्षात त्यांचा हिस्सा होता, एका वेल्डिंगच्या दुकानात होता, काष्टीला एका म्हशीत निम्मा होता. कुणालाही त्यांनी उसने म्हणून पैसे दिले नाहीत. उसने दिले की मुद्दल परत घ्यायचं, वर काही घ्यायचं नाही, त्यात दोघांचंही भलं होत नाही, असं त्यांचं मत. त्यापेक्षा भागी करायची. त्याचे नियम त्या बोटांवर मोजत सांगायच्या:

"पैसा माझा, मेहनत तुझी. फायदा निम्मा निम्मा. तोटा झाला तर पैशाचा तोटा माझा. तुझी मेहनत वाया गेली, त्यो तुझा तोटा. तुझं बुडताना मी काठावर उभी राहिले, तर मी कसली हिस्सेदार?"

आणि एक नियम त्या सांगायच्या नाहीत, पण पाळायच्या कसोशीनं. एका हिस्सेदाराचा तोटा दुसऱ्या हिस्सेदारासमोर बोलायचा नाही. रिक्षा आठवडाभर बंद पडली तरी वेल्डिंगवाल्याला त्याचा पत्ता नसायचा.

फायदा-तोटा समजावा म्हणून त्या प्रत्येक धंद्यात जाऊन बसायच्या. रिक्षात मागच्या सीटवर बसून अर्धा दिवस हिंडायच्या, उतारू बिचकले तर म्हणायच्या, "बसा की, मी मालकीण हाय, तुमचं काय खाते?" म्हशीची धार काढताना शेजारी उकिडव्या बसून चरवीत डोकावायच्या. वेल्डिंगच्या ठिणग्या बघून बघून डोळ्यांना पाणी यायला लागलं, तेव्हा कुठं तिथं बसायचं थांबवलं.

त्याच सुमारास शेअरचं वारं गावात शिरलं. दूध डेअरीतला एक क्लार्क नगरहून शेअरचे फॉर्म आणायचा आणि घरोघर वाटायचा. आम्ही त्याला फॉर्मवाला म्हणायचो. तो खालांकडं आला. शेअर म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं आणि खाला एकदम खूश झाल्या.

"म्हंजे भागीच की! कंपनीत हिस्सा. फायदा झाला तर माझा, तोटा झाला तर माझा. हे तर माझंच काम हाय."

"सही करा मग."

"कंपनी कुठं हाय?"

"नगरला, एमआयडीसीत."

"मग आधी बघून येऊ."

फॉर्मवाला हसायला लागला. कंपनी बघायला कुणी जात नाही, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. पण म्हैस न बघता घेणाऱ्यांतल्या खाला नव्हत्या. त्यांनी मला बरोबर घेतलं, आम्ही सकाळच्या गाडीनं नगरला गेलो आणि तिथून रिक्षानं एमआयडीसीत. गेटवर वॉचमननं अडवलं.

"कुणाला भेटायचंय?"

"कुनाला न्हाई. कारखाना बघायचाय. मी हिस्सा घेणार हाय."

वॉचमननं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. खालांनी छत्री टेकवली आणि गेटसमोरच्या दगडावर बसून राहिल्या. तासाभरानं आतून एक साहेब गाडीतून निघाला, त्यानं चौकशी केली. माणूस भला होता. हसला, आत घेऊन गेला, चहा पाजला आणि वार्षिक अहवालाचं पुस्तकच हातात ठेवलं. खालांनी ते माझ्याकडं दिलं. "वाच. व्याजानं काढलेला पैसा किती?"

नगरच्या एका मौलाना साहेबांना त्या आधीच विचारून आल्या होत्या. कंपनीचा धंदा हलाल पाहिजे. दारू, जुगार, सावकारी नको. आणि व्याजानं काढलेलं कर्ज सगळ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पाहिजे. मी आकडे शोधले, साहेबाच्या टेबलावरच भागाकार केला. कर्ज निम्म्याच्याही वर होतं.

"साहेब," खाला म्हणाल्या, "तुमचा कारखाना झ्याक हाय. पन तुमी लई वाकलाय. येक वारं आलं तर पडाल."

साहेब पुन्हा हसला. आम्ही परत आलो. नंतर त्यांनी अशाच दुसऱ्या एका कंपनीत पन्नास शेअर घेतले. ती नटबोल्ट बनवायची, कर्ज नाममात्र होतं. पहिला लाभांश आला तेव्हा त्या कंपनीनं बँकेत ठेवलेल्या पैशावर व्याज मिळवलेलं होतं. त्यातला खालांच्या वाट्याचा भाग किती, ते मला काढायला लावलं. अकरा रुपये निघाले. अकरा रुपयांचे साबण मुतारीत गेले आणि दुपारपर्यंत चोरीला गेले.

इथवर सगळे हसतात.

खालांनी नाकारलेल्या त्या पहिल्या कंपनीचा भाव पुढं दुप्पट झाला, मग तिप्पट. फॉर्मवाला मुद्दाम घरी येऊन सांगून जायचा. गावातल्या ज्यांनी घेतले होते त्यांनी नव्या मोटारसायकली काढल्या. खालांच्या नटबोल्टांचा भाव होता तिथंच. लोक त्यांना चिडवायचे. त्या म्हणायच्या, "वाढू द्या की. माझं काय गेलं?"

त्यांचं काही गेलं नव्हतं. पण मला वाटायला लागलं की माझं जातंय.

मी तोवर त्यांचा हिस्सेदार झालो होतो. तहसीलसमोर झेरॉक्सचं एकही दुकान नव्हतं. सातबाऱ्याची नक्कल झेरॉक्स करायला लोक बाजारपेठेपर्यंत चालत जायचे. मी एकदा बोलता बोलता हे म्हणालो आणि खालांनी पंधरा दिवसांत पुण्याहून जुनं मशीन आणवलं, कचेरीसमोर गाळा बघितला. करार मीच टाइप केला, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. दर एक तारखेला सकाळी त्या दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि विचारायच्या, "किती?" मी आकडा सांगायचो. वही मी पुढं करायचो, पण त्यांना उर्दू तेवढं वाचता यायचं. "तू सांगतोस ना? मग झालं."

रिक्षात त्या स्वतः बसायच्या, म्हशीची धार स्वतः बघायच्या. माझ्या दुकानात मात्र कागदावर कागद निघत राहायचा, त्यातलं त्यांना काय दिसणार? तिथं त्यांनी माझ्या तोंडावर भरवसा ठेवला.

मी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं. व्याजानं. जामीनदार उभे केले, फॉर्मवाल्याकडं गेलो आणि खालांनी नाकारलेल्या त्याच कंपनीचे शेअर तिप्पट भावानं घेतले. मनात हिशेब असा होता की सहा महिन्यांत विकायचे, कर्ज फेडायचं आणि स्वतःचं मशीन घ्यायचं, ज्यात कुणाचा निम्मा हिस्सा नसेल. हे शेवटचं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. तेव्हा मात्र विचार करायला काहीच वेळ लागला नव्हता.

तीन महिन्यांत बाजार कोसळला. मुंबईत काय झालं, कुणी काय केलं, ते पेपरात रोज यायचं. मला एवढंच कळत होतं की माझ्याकडच्या कागदांना आता कुणी विचारत नाही. त्या कंपनीनं व्याजाचे हप्ते भागवण्यासाठी एक पाळी बंद केली, मग दुसरी. फॉर्मवाला दिसेनासा झाला. माझे हप्ते मात्र दर महिन्याला येत राहिले, आणि मी ते दुकानाच्या नफ्यातून भरायला लागलो. सगळ्या नफ्यातून, खालांच्या निम्म्यासकट.

पहिल्या एक तारखेला मी म्हणालो, "खाला, या महिन्यात काही उरलं नाही. कोर्टाकडं दोन नवी दुकानं झालीत."

दुकानं झाली होती, हे खरं होतं. काही उरलं नाही, हे खोटं होतं. सातबाऱ्याला गर्दी तशीच होती.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, ओळखलं. पण त्या म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतोस? पैसा माझा बुडतोय, तुझी मेहनत बुडतीय. दोगं बी बुडतोय, बरोबर हाय."

आणि त्या संध्याकाळपासून माझ्या खोलीवर डबा यायला लागला. दोन भाकरी, भाजी, कधी शुक्रवारचं मटण. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "तुझ्या मेहनतीचं काय मिळतंय तुला? मग खाशील काय?"

सहा महिने मी तोटा सांगितला. सहा महिने डबा आला. मी तो खाल्ला. चव छान असायची, हेही आठवतं.

सगळा नफा घालूनही हप्ता पुरा होत नव्हता; सातव्या महिन्यापर्यंत बरंच व्याज थकलं आणि पतसंस्थेचा माणूस जामीनदारांच्या दारात गेला. त्यातला एक जण मला म्हणाला, आठ दिवसांत भर, नाहीतर मी खालांना सांगतो. त्या एकाच गोष्टीला मी भ्यालो. मी खालांकडं गेलो आणि सांगितलं, मशीनचा ड्रम गेला, नवा टाकायला आठ हजार लागतील, नाहीतर मशीन बंद पडेल.

मशीन त्यांच्या पैशाचं होतं. नियमाप्रमाणं खर्च त्यांचाच. त्यांनी बोटांवर हिशेब केला. हातात रोकड नव्हती. रिक्षाचं इंजिन नुकतंच बांधलं होतं. नटबोल्टाचे शेअर विकायचे तर कागद मुंबईला पाठवायचे, पैसे यायला दोन-तीन महिने.

"शनवारी काष्टीचा बाजार हाय," त्या म्हणाल्या. "म्हस इकू."

म्हशीतला दुसरा निम्मा हिस्सा काष्टीच्या एका तात्यांचा होता. साठीचे, बारीक चणीचे, थोडी कोरडवाहू जमीन, आणि ती म्हैस. धार काढायची तात्यांनी, डेअरीला दूध घालायचं त्यांच्या बायकोनं, जे उरेल ते निम्मं निम्मं. खालांचा हिस्सा विकत घ्यावा एवढे पैसे तात्यांकडं नव्हते. म्हणून अख्खी म्हैस विकायची ठरली. मी खालांबरोबर गेलो. छत्री माझ्या हातात दिली होती.

बाजारात तात्या म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभे होते. शेजारी रेडकू. बायको जरा लांब, बाभळीखाली पाठ करून बसली होती.

"खाला," तात्या म्हणाले, "लई नड हाय का? दोन महिनं थांबता यील का? भर दुधात हाय वो ती. रेडकू बी ल्हान हाय."

खालांनी मला बाजूला घेतलं. गुरांच्या हौदापलीकडं, तात्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. कारण माझा तोटा त्यांच्यासमोर बोलायचा नव्हता.

"पोरा, थांबतंय का तुझं मशीन दोन महिनं? खरं सांग. थांबत आसंल तर मी म्हस इकत न्हाई."

मशीन त्या सकाळीही चालू होतं. मी दुकान उघडून, शंभरेक कागद काढून, कुलूप लावून बाजारात आलो होतो.

"नाही थांबत खाला," मी म्हणालो.

त्या परत गेल्या आणि तात्यांना म्हणाल्या, "न्हाई जमत तात्या." तात्यांनी मान हलवली. पुढं दलालानं रुमालाखाली बोटं धरली, सौदा झाला, गिऱ्हाइकानं नवा कासरा बांधला. म्हैस चालेना. रेडकू पुढं नेलं तेव्हा चालली.

खालांनी त्यांचे निम्मे पैसे तिथंच माझ्या हातात दिले. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असावं, मला वाईट वाटतंय. त्या म्हणाल्या, "लाजू नको. तोटा लपवनारा चोर आसतो. तू सांगितलास."

सोमवारी मी ते पैसे पतसंस्थेत भरले. थकलेलं सगळं व्याजच होतं; मुद्दलाला त्यातला एक रुपया लागला नाही. ज्या बाईंनी अकरा रुपयांचं व्याज अंगाला लागू दिलं नाही, त्यांची म्हैस मी व्याजात घातली.

त्यानंतर मी सुधारलो, असं म्हणता येईल. दर महिन्याला खरा आकडा सांगायला लागलो. कर्ज हळूहळू फिटलं. खालांना वाटलं, नव्या ड्रमनं बरकत आणली. पुढं त्यांची साखर वाढली, गुडघे गेले आणि नगरहून भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. जाण्याआधी त्यांनी मशीन मला द्यायचं ठरवलं; ठरेल ती किंमत हप्त्यानं, वर काही नाही. मी दर महिन्याला नगरला जाऊन हप्ता देऊन यायचो.

शेवटचा हप्ता द्यायला गेलो त्या दिवशी भाचा घरीच होता. त्याला दुकान काढायचं होतं आणि तो बँकेतून कर्ज घ्यायच्या विचारात होता. खाला त्याला समजावत होत्या. मी आत गेलो तशी त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्याला बघ. माझा सगळ्यात सच्चा हिस्सेदार. सहा महिनं तोटा झाला, पन कधी तोंड लपवलं न्हाई. आसा मानूस शोध, बँक कशाला पायजे?"

भाचा माझ्याकडं आदरानं बघायला लागला. तो आदर मला सहन झाला नाही. मी तिथंच, भाच्यादेखत, सगळं सांगितलं. शेअर, कर्ज, डबे, ड्रम. बाजारातलं सकाळचं चालू मशीनसुद्धा.

अशा गोष्टींत म्हातारी माणसं म्हणतात, मला सगळं माहीत होतं रे. खालांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला. बराच वेळ त्या नुसत्या पदराचा काठ चाचपत राहिल्या.

"मला कळलं न्हाई," त्या भाच्याला म्हणाल्या. "समोर बसून मला कळलं न्हाई."

मग माझ्याकडं वळल्या. "म्हशीचं पैसं व्याजाला दिलंस?"

"हो."

"तात्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडं का आलास आधी? म्हस माझी निम्मीच हुती."

मी आठ हजारांचं पाकीट काढायला गेलो, ड्रमचं खोटं उघडं पडेल या भीतीनं द्यायचं राहिलेलं, कधीपासून बाजूला साठवलेलं. त्यांनी हात आडवा केला. "तिकडं जा आधी."

मी नगर स्टँडवर येऊन दौंड गाडी धरली. काष्टीचं तिकीट काढलं. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो. काष्टी आली, कंडक्टरनं घंटी ओढली, दोन-चार माणसं उतरली. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "उतरा की, काष्टी आली."

"दौंडचं द्या," मी म्हणालो.

त्यानं वरच्या पैशांचं तिकीट फाडून दिलं. मी दौंडला उतरलो, चहा घेतला आणि दुसऱ्या गाडीनं श्रीगोंद्याला गेलो. असं आणखी दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला तर तिकीटच दौंडचं काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात भाच्याचं कार्ड आलं, खाला गेल्या. मातीला मी पोचलो नाही. कार्ड चार दिवसांनी आलं होतं. त्यानंतरच्या रविवारी मी काष्टीला उतरलो.

तात्या गोठ्यापुढं वैरण तोडत होते. मला त्यांनी ओळखलं. "या या, खालाच्या घरचं पाव्हनं." घोंगडी टाकली, आत हाक दिली, "अगं, च्या टाक, खालाकडचं मानूस आलंय." खाला गेल्याचं त्यांना कळलं होतं. डोळे पुसले. मग स्वतःच सांगायला लागले.

"येऊन गेली हुती की ती. जायच्या आदी. भाच्याच्या खांद्याला धरून आली, पाय सुजल्यालं. हितंच बसली, तुमी बसलाय तितं. म्हनली, तात्या, तुजी म्हस माझ्या येका हिस्सेदाराच्या खोट्यापायी गेली. त्याचं दुकान म्या नीट बघितलं न्हाई, चूक माझी हाय. आन पैसं काढलं. माझा निम्मा हिस्सा तर मला तवाच बाजारात मिळाला हुता. त्यो गेला वैरनीच्या उधारीला आन दवाखान्याला. तर म्हनली, भर दुधाची म्हस ग्येली, त्या दुधाचं हे. म्या नगं म्हनलं, आयकंना. पाया पडाय लागली माझ्या. म्हातारं मानूस. म्या घेतलं."

गोठ्यात एक तरणी म्हैस बांधलेली होती. मी तिच्याकडं बघत राहिलो. आठ हजारांचं पाकीट माझ्या खिशातच होतं.

"म्या लई इचारलं, कोन त्यो हिस्सेदार. न्हाई म्हंजी न्हाई सांगितलं," तात्या म्हणाले. "तुमी तिच्याच घरात ऱ्हात हुता. तुमाला ठावं आसंल. कोन हुता वो?"

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. चहाला उकळी आल्याचा वास येत होता. 'नाही माहीत' म्हटलं असतं तर चहा पिऊन उठता आलं असतं, आणि खालांनी तशी सोय करून ठेवलीही होती.

"मीच," मी म्हणालो.

तात्यांचा विळा थांबला.  मी होऊन काही सांगायला लागलो, पण ते ऐकत नव्हते. त्यांनी हातातली वैरण म्हशीपुढं टाकली आणि घराकडं तोंड केलं.

"अगं, ऱ्हाऊ दे च्या. पाव्हनं निगालं."